आम्हाला एकत्र बसू द्या

स्ट्रीमिंग ॲपची आखणी करणाऱ्या प्रॉडक्ट मॅनेजर, डिझायनर आणि इंजिनिअर मंडळींना,



एका तालुक्याच्या गावात आम्ही काही जण चित्रपट मंडळ चालवतो. महिन्यातून एकदा सभागृह भाड्याने घ्यायचं, चित्रपट दाखवायचा आणि नंतर त्यावर बोलायचं, एवढंच आमचं काम. 1959 मध्ये देशातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. त्याच वाटेवरचं आमचं हे लहानसं मंडळ. 2020 च्या टाळेबंदीत सभागृह बंद झालं तेव्हा आम्ही आपापल्या घरी बसून एकत्र पाहायला लागलो. सभागृह उघडलं तरी तो प्रकार थांबवता आला नाही, कारण तोवर पांगलेली माणसं परत आली होती. शिकायला बंगळुरूला गेलेली मुलं यायला लागली. निवृत्तीनंतर मुलाकडे ठाण्याला राहायला गेलेले आमचे गुरुजी आले. फ्रँकफर्टला स्थायिक झालेली एक जुनी सभासद पूर्वीसारखी चर्चेत भांडायला लागली. या माणसांना आता सोडायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

ठरवलं खरं, पण दर वेळी ते जमवताना जीव मेटाकुटीला येतो. चित्रपट तुमच्या ॲपवर असतो, माणसं तयार असतात, वेळ ठरलेली असते, आणि तरीही एकत्र पाहणं जमत नाही. का जमत नाही, याचा मी बराच विचार केला आहे. दूरवरच्या माणसांनी एकत्र पाहण्याची सोय तुम्ही आखता, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर उत्तम नेट, नवा फोन आणि स्वतःचं सभासदत्व असलेला माणूस असतो. तसे चौघं जमले तर कुठलीही सोय चालते. बैठक मोडते ती त्यांच्यातल्या सगळ्यात अडलेल्या माणसापाशी, आणि एकदा त्या माणसाला सोडून पुढं गेलं की उरलेल्यांचं एकत्र पाहणंही संपतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे. पुढच्या मागण्या तिच्यातूनच निघतात.

आधी सगळ्यात मोठी तक्रार. 2020 मध्ये ही सोय द्यायची चढाओढ लागली होती. नेटफ्लिक्सवर चालणारं, बाहेरच्या मंडळींनी बनवलेलं एक ब्राउझर एक्स्टेन्शन जगभर पसरलं आणि पुढे त्याचं नाव टेलिपार्टी झालं. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने वॉच पार्टी आणली, तीत 100 जणांची सोय होती. डिझ्नी प्लसच्या ग्रुपवॉचमध्ये सात जणांना जागा होती. 2021 मध्ये ॲपलने शेअरप्ले आणलं, पण ते ॲपलच्याच उपकरणांवर. मग टाळेबंदी सरली, लोक घराबाहेर पडले आणि तुमचा उत्साह मावळला. ग्रुपवॉच 2023 मध्ये बंद झालं. आज कुठल्या ॲपवर ही सोय आहे आणि कुठल्यावर नाही, हे आमच्यासारख्या रोज शोधणाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही.

फारसं कोणी वापरत नव्हतं, असं तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील. मला ते पटत नाही. जी सोय आधी संगणकापुरती असते, मेनूच्या तळाशी लपलेली असते, प्रत्येकाने वेगळे पैसे भरल्याशिवाय उघडत नाही आणि कुणाचं नेट अडखळलं की कोलमडते, ती थोडेच लोक वापरणार. त्या आकड्यांवरून माणसांना एकत्र पाहायचं नसतं असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. दुरावा काही टाळेबंदीने आणला नव्हता आणि तिच्याबरोबर तो गेलाही नाही. मराठवाड्यातल्या गावी आईवडील, पिंपरीत एक भाऊ, दुसरा आखातात, बहीण न्यू जर्सीत, अशी हजारो घरं आहेत. ही माणसं रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटतात, तब्येत आणि पाऊस झाला की बोलायचं संपतं. एकत्र काहीतरी बघायला मिळालं तर बोलायला विषय मिळतो. 28 मार्च 2020 पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा 1987 चे रविवार आठवणाऱ्या कितीतरी लोकांनी एका वेळी टीव्ही लावून एकमेकांना फोन केले. सगळ्यांना एकाच घटकेला एकच चित्र दाखवणं प्रक्षेपणाला सहज जमत होतं. तुमच्या पद्धतीत प्रत्येकाचं चित्र वेगळं धावतं, म्हणून ती जबाबदारी तुमच्यावर येते.

आता अडलेल्या माणसाकडे येते. आमच्या मंडळात एक बाई आहेत, पूर्वी अंगणवाडीत काम करत. त्यांच्या घरी वायफाय नाही. फोनवर दिवसाला दीड जीबीचा पॅक आहे. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला साधारण 0.7 ते 1 जीबी डेटा लागतो. अडीच तासांचा मराठी चित्रपट धरला तर पावणेदोन ते अडीच जीबी झाले. म्हणजे शेवटच्या तासाभरात, जिथं चित्रपट आपलं म्हणणं मांडतो, नेमका तिथं त्यांचा पॅक संपणार हे आधीच ठरलेलं. तुमच्या ॲपमध्ये चित्रपट आदल्या दिवशी उतरवून ठेवायची सोय आहे. या बाई दोन दिवसांच्या पॅकमध्ये, दर्जा कमी ठेवून तो उतरवूही शकतात. पण मी वापरून पाहिलेल्या एकाही ठिकाणी उतरवून ठेवलेला चित्रपट घेऊन सामूहिक बैठकीत बसता येत नाही. बैठकीत बसायचं तर चित्र थेट नेटवरूनच ओढलं पाहिजे.

हे असं का, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे. दहा जण एकत्र पाहत असले तरी चित्रपट कुणी कुणाला पाठवत नाही, प्रत्येकाचं चित्र तुमच्या सर्व्हरवरून वेगळं येतं. एकमेकांकडे जायला हवा तो फक्त निरोप: आपण आता 41 व्या मिनिटाच्या 12 व्या सेकंदावर आहोत, चालू आहोत किंवा थांबलो आहोत. दर काही सेकंदांनी काहीशे बाइटचा असा एक निरोप, त्याला टूजीची रेंजही पुरते. चित्रपट फोनमध्ये आधीच असेल तर अख्खी बैठक एखाद्या फोटोइतक्या डेटात पार पडेल. हक्कांच्या संरक्षणाची अडचण म्हणावी तर उतरवलेली प्रत तुमच्याच कुलपात असते, तुमच्याच परवान्यावर उघडते. एवढा एक बदल केलात तर ज्यांना आज आम्ही शेवटचा भाग नंतर फोनवर सांगतो, ते लोक बैठकीत शेवटपर्यंत बसतील.

दुसरी मागणी थांबण्याविषयी. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. तुमच्या ॲपमध्ये ज्याचं पान आधी वाढलं तो जेवून हात धुवायला उठलेला असतो, आणि मागच्याच्या पडद्यावर अजून गोल गोल फिरत असतं. सुरुवात करण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये पुरेसं चित्र भरलं आहे का, हे पाहणं तुम्हाला अवघड नाही, ती माहिती प्रत्येक प्लेअरकडे असते. मध्येच एकाचं अडलं तर सगळ्यांचं थांबवा, आणि का थांबलं ते साध्या मराठीत सांगा: गुरुजींचं नेट अडलंय, थोडं थांबूया. तेवढ्या वेळात कोणी पाणी पिऊन येईल, कोणी मघाच्या प्रसंगावर दोन वाक्यं बोलेल. कारण न सांगता थांबलेल्या पडद्यासमोर मात्र माणसं चिडतात, जो तो आपलंच नेट गेलं असं समजून बाहेर पडतो, पुन्हा आत येतो, आणि पाचच मिनिटांत सगळ्यांची फाटाफूट होते.

थोडाथोडका फरक भरून काढायला चित्राला एकदम उडी मारायला लावू नका. उडीत संवाद गळतो, विनोदाचा नेमका शब्द गळतो. त्यापेक्षा मागं पडलेल्याचं चित्र अगदी किंचित वेगात सोडा. पाच टक्के वेग वाढवला तर 4 सेकंदांची तूट 80 सेकंदांत भरून निघते, आणि आवाजाची पट्टी सांभाळली तर पाहणाऱ्याला ती कळतही नाही. युरोपात पाल पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला 24 चौकटींचे चित्रपट 25 चौकटींच्या वेगाने, म्हणजे सुमारे चार टक्के जलद, कित्येक दशकं दाखवले गेले. घरोघरच्या प्रेक्षकांनी ते आनंदाने पाहिले. घड्याळं जुळवण्याची रीतही नवी नाही. निरोप जायला-यायला लागलेला वेळ मोजून दोन संगणकांची घड्याळं एकमेकांशी लावायची पद्धत 1985 पासून लिहून ठेवलेली आहे, आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या पडद्यांवरचं चित्र एका वेळेवर आणण्यासाठीचं मानक 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. ज्ञान आहे, साधनं आहेत. अडलंय ते प्राधान्यापाशी.

कुठं किती काटेकोर राहायचं, हेही आता कळलेलं आहे. दूर बसून एकत्र पाहणाऱ्यांवर 2011 च्या सुमारास झालेल्या अभ्यासात दिसलं की, आवाजात बोलत पाहणाऱ्यांना चित्रातला फरक लवकर खटकतो, नुसतं लिहून गप्पा मारणाऱ्यांना उशिरा. आमचा अनुभव अगदी तोच आहे. एकाचं हसू दुसऱ्याच्या आधी ऐकू आलं की विनोद गेला. तेव्हा आवाज सुरू असेल तर जुळणी घट्ट ठेवा, नसेल तर सैल सोडा आणि अडलेल्या नेटवरचा ताण कमी करा.

थेट सामन्याची गोष्ट याहून अवघड, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. 19 नोव्हेंबर 2023 ला विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका क्षणी 5.9 कोटी लोक पाहत होते. एवढ्या लोकांपर्यंत चित्र पोचवणं हे इंजिनिअरिंगचं मोठं काम आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण या पद्धतीत चित्राचे काही सेकंदांचे तुकडे होतात, असे दोन-तीन तुकडे साठवून प्लेअर सुरू होतो, आणि कोण कधी आत आला यावर कोण किती मागं हे ठरतं. त्यामुळे शेजारच्या घरात डिशवर विकेट पडल्याचा गलका आधी ऐकू येतो, मग भावाचा फोन येतो, आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावत असतो. शेजाऱ्याचा गलका तुम्ही थांबवू शकणार नाही, हे मान्य. पण बाप आणि मुलगा दोघंही तुमच्याच ॲपवर, दोघंही एकमेकांशी बोलत सामना पाहत असतील, तर त्या दोघांना एका चेंडूवर ठेवणं तुमच्या हातात आहे. जो सगळ्यात मागं असेल त्याच्या वेळेवर बाकीच्यांना आणा. वीस सेकंद उशिरा दिसलं तरी दोघांनी मिळून पाहिलेला षटकार मोलाचा असतो. सगळ्यांत आधी पाहण्याची हौस ज्याला आहे त्याने एकट्याने पाहावं.

रिमोट कोणाच्या हातात असावा, हा तुमच्यासाठी सेटिंगचा प्रश्न असेल, घरात तो मानाचा प्रश्न असतो. प्राइमच्या वॉच पार्टीत सूत्रं फक्त बैठक बोलावणाऱ्याकडे होती, ग्रुपवॉचमध्ये कोणीही थांबवू किंवा मागं-पुढं करू शकत असे. मला दोन्ही अर्धवट वाटतात. थांबवण्याचा हक्क प्रत्येकाला असावा, कारण दार वाजणं, औषधाची वेळ होणं, बाळ उठणं कुणाच्याही घरी होतं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागायला लागू नये. मागं-पुढं नेणं एकाच्या हाती असावं, आणि ते त्याला दुसऱ्याकडे सोपवता यावं. आमच्याकडे दर महिन्याला वेगळा सभासद चित्रपट निवडतो. त्या दिवशी सूत्रंही त्याच्याच हाती हवीत, मग सभासदत्व कुणाच्या का नावावर असेना.

आणि आत येण्याचा रस्ता. लिंक, मग ॲप अपडेट, मग ओटीपी, मग पासवर्ड, मग तुम्ही कोण हे विचारणारी प्रोफाइलची रांग. सत्तरीपुढच्या माणसाला एवढे उंबरे ओलांडायला लावून तुम्ही त्याला बाहेरच ठेवता. या माणसांना फोन वाजला की हिरवं बटण दाबायचं हे पक्कं ठाऊक असतं. मग बैठकीचं बोलावणं फोनसारखंच वाजू दे, आणि हिरवं बटण दाबलं की माणूस थेट चित्रपटासमोर बसू दे. टीव्हीवर टाकायचा कोड लांबून, चष्म्यातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात दाखवा. पडद्यावरच्या सूचनांचं मराठी एखाद्या मराठी माणसाकडून लिहून घ्या. आज त्यातली काही वाक्यं वाचून काय दाबायचं ते मलाही कळत नाही, मग आईला फोनवर काय सांगणार?

बोलण्याच्या सोयीत सगळ्यात जास्त सुधारणा हवी आहे. काहींनी इमोजी दिले, काहींनी लिहायची चौकट दिली. अंधारात चष्मा सावरत, फोनवर देवनागरी टाइप करत चित्रपट पाहता येत नाही. आवाज हवा. म्हणून लोक चित्रपट टीव्हीवर लावतात आणि शेजारी फोनवर कॉल चालू ठेवतात. मग टीव्हीचा आवाज फोनच्या माइकमधून सगळ्यांच्या घरी जातो, तिथून परत येतो, आणि प्रत्येक संवाद तीन-तीनदा घुमतो. फोन स्वतःचा आवाज ओळखून गाळू शकतो, पण टीव्हीतून काय ऐकू येतंय हे त्याला ठाऊक नसतं. तुम्हाला ते ठाऊक असतं! टीव्हीवर तुमचंच ॲप, फोनवरही तुमचंच ॲप, कुठल्या सेकंदाला कुठला आवाज वाजतोय ते तुमच्याकडे नोंदलेलं. ती माहिती फोनला दिली तर तो घुमणारा आवाज तिथल्या तिथं कापू शकेल. बाहेरच्या कुठल्याही व्हिडिओ कॉलला हे जमणं अवघड आहे, कारण त्याच्याकडे चित्रपटाचा मूळ आवाज नाही. शिवाय कोणी बोलायला लागलं की चित्रपटाचा आवाज आपोआप थोडा खाली यावा, थांबलं की पूर्ववत व्हावा.

त्याबरोबर गप्प बसण्याची सोयही द्या. आमच्या मंडळाचा नियम आहे, चित्रपट चालू असताना बोलायचं नाही, संपल्यावर हवं तेवढं बोला. सभागृहात हा नियम कोणाला सांगावा लागत नाही. ॲपवर प्रत्येक जण आपापला माइक बंद करतो, आणि संपल्यावर निम्मे लोक तो उघडायला विसरतात. बैठक बोलावणाऱ्याला सुरुवातीलाच ठरवता यावं की आजचा चित्रपट गप्प राहून पाहायचा, आणि शेवटची पाटी सरकली की सगळ्यांचे आवाज एकदम खुले व्हावेत.

या शेवटच्या पाटीविषयी मला कळकळीने बोलायचं आहे. नागराज मंजुळे यांचा 2013 चा 'फँड्री' आम्ही असा दुरून एकत्र पाहिला. शेवटी नायक जब्या दगड भिरकावतो, तो दगड पडद्याच्या दिशेने, पाहणाऱ्याच्या अंगावर येतो आणि चित्रपट संपतो. त्यानंतर काही वेळ कोणी बोलू शकत नाही आणि कोणी बोलूही नये. त्या वेळी ॲपने काय केलं? श्रेयनामावली कोपऱ्यात चिमटीएवढी केली, कुठल्यातरी विनोदी मालिकेचं चित्र पुढं आणलं आणि आकडे उलटे मोजायला सुरुवात केली. सगळे घाईघाईने बटणं दाबायला लागले. दोघांच्या पडद्यावर मालिका सुरू झाली, एकाची बैठकच बंद झाली. चर्चा सुरू व्हायला बराच वेळ गेला, आणि जे बोलायचं होतं ते तेव्हा उरलेलं नव्हतं.

चर्चा हा चित्रपटाच्या मागचा रिकामा वेळ नसतो. आमच्यासारख्या मंडळांसाठी, आणि मला वाटतं घरांसाठीही, चित्रपटाचा तो अर्धा भाग असतो. एकत्र पाहायचं ते त्यासाठीच. म्हणून मागणी स्पष्ट आहे. सामूहिक बैठकीत पुढचं काहीही आपोआप सुरू होऊ नये. श्रेयनामावली पूर्ण पडद्यावर, पूर्ण वेळ चालावी, ज्यांनी चित्रपट केला त्यांचा तो हक्क आहे. नंतर पडदा काळा राहावा आणि खोली उघडी राहावी, जोवर शेवटचा माणूस उठून जात नाही तोवर. कुणाला एखादा प्रसंग पुन्हा दाखवून मुद्दा मांडायचा असेल तर त्याला तो सगळ्यांच्या पडद्यावर आणता यावा. तुम्ही पाहण्याचे तास मोजता, म्हणून तुम्हाला पुढची मालिका सुरू करायची घाई असते. बोलण्यात गेलेला तासही मोजा. ज्या ॲपवर माणसं दोन तास बोलत बसतात, ते ॲप ती सहसा बंद करत नाहीत.

उपशीर्षकांचं थोडक्यात सांगते. वेळ सगळ्यांची एक असावी, पण भाषा ज्याची त्याची. आजीला मराठी संवाद पुरतात, अमेरिकेत वाढलेल्या नातीला खाली इंग्रजी ओळ लागते, कमी ऐकू येणाऱ्या काकांना मराठीच ओळ लागते, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना दृश्याचं वर्णन कानात हवं असतं. एकाने निवडलं ते सगळ्यांच्या माथी, असं कृपा करून नको.

कधीकधी वेळ एक करताच येत नाही. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्या साडेदहा तास मागं असतं. इथं रात्रीचे नऊ, तिथं सकाळचे साडेदहा, म्हणजे ऐन कामाची वेळ. अशा लोकांना एकत्र पाहण्यातून वगळायचं कारण नाही. जपानच्या निकोनिको या संकेतस्थळावर 2006 पासून प्रेक्षकाची टिप्पणी त्या व्हिडिओच्या नेमक्या क्षणाला बांधली जाते आणि नंतर पाहणाऱ्याला त्याच क्षणी ती दिसते. पुढे चीनमध्ये बिलीबिलीने हाच मार्ग धरला. तिथं हजारो अनोळखी लोकांच्या ओळी पडद्यावरून धावतात, मला तो गोंगाट नको आहे. पण पाच जणांच्या कुटुंबापुरतं हे आणून पाहा. आईने आज रात्री एका प्रसंगापाशी आवाजात दोन वाक्यं बोलून ठेवली, मुलीने उद्या तो चित्रपट लावला की त्या प्रसंगापाशी पोचल्यावरच ती ऐकू आली, आधी नाही. म्हणजे गोष्टही फुटत नाही. दुसऱ्या दिवशी फोनवर दोघी त्या प्रसंगावर भांडू शकतील.

आता पैसे. बहुतेक सोयींची अट असते की बैठकीतल्या प्रत्येकाचं स्वतःचं सभासदत्व हवं. आमच्या मंडळात जितके सभासद तितकी वर्गण्या भरलेली खाती, हे व्हायचं नाही. एकेका घराला चार-पाच ॲपचे पैसे झेपत नाहीत आणि दर महिन्याला आमचा चित्रपट वेगळ्या ॲपवर असतो. 2019 मध्ये नेटफ्लिक्सने भारतात फक्त मोबाइलवर पाहायची स्वस्त योजना काढली, पुढे ती 149 रुपयांवर आली, कारण इथला प्रेक्षक काय देऊ शकतो ते तुमच्यापैकी काहींना कळलं. मग 2023 मध्ये त्याच कंपनीने घराबाहेरच्यांना पासवर्ड देण्यावर बंदी आणली. मी फुकट मागत नाही. मराठी चित्रपट करणाऱ्याच्या हाती आधीच फार थोडं पडतं, त्याचा वाटा बुडवून आम्हाला काही पाहायचं नाही. मागणं एवढंच की पाहुण्याची जागा द्या. सभासदाने बोलावलेल्या दोन-तीन पाहुण्यांना, तो सभासद हजर असेपर्यंत, त्या एका चित्रपटापुरतं बसता यावं. त्याचे थोडे पैसे लावायचे तर लावा, तिकिटासारखे, दहा-वीस रुपये, आणि त्यातला ठरलेला वाटा निर्मात्याला द्या. आमच्यासारख्या मंडळांसाठी वेगळा परवाना काढा, आम्ही सभागृहाचं भाडं भरतोच, याचेही भरू.

देशांच्या सीमा हा याचाच पुढचा भाग. फ्रँकफर्टच्या आमच्या सभासदाला अनेकदा सांगावं लागतं की हा चित्रपट तुझ्या देशात दिसत नाही. हक्क देशवार विकले जातात, हे मला माहीत आहे, आणि ते एका रात्रीत बदलणार नाही. पण निदान दोन गोष्टी आज करता येतील. बैठक ठरवताना, प्रत्येकाचा देश पाहून, कुठला चित्रपट सगळ्यांना दिसेल ते आधी सांगा, ऐन वेळी बंद दार दाखवू नका. आणि नवे मराठी चित्रपट घेताना करारात अशा कौटुंबिक, मर्यादित बैठकीचं एक कलम घाला. ज्या देशात तो चित्रपट कोणी विकतच घेतलेला नाही, तिथं एका माणसाने आपल्या आईबरोबर तो पाहिला तर नुकसान कोणाचं?

एक गोष्ट थोडक्यात, पण ठाम. बैठकीतलं बोलणं नोंदवू नका, साठवू नका, त्यावरून जाहिराती दाखवू नका. घरातली माणसं चित्रपटाच्या निमित्ताने आजारपण बोलतात, लग्नं बोलतात, जमिनीचे वाद बोलतात. आणि बैठकीत पाहिलेल्या चित्रपटावरून पाहुण्याच्या खात्यात शिफारशींचा ढीग लावू नका.

शेवटची विनंती चाचणीविषयी. ही सोय तुमच्या कार्यालयातल्या वायफायवर, नव्या फोनवर, तिशीतल्या सहकाऱ्यांमध्ये तपासून बाहेर सोडू नका. एक फोन चार वर्षं जुना घ्या, ज्यात जागा भरल्याची सूचना रोज येते. एक माणूस डोंगराळ तालुक्यात बसवा, जिथं पाऊस लागला की टॉवर जातो. एक टीव्ही असा घ्या ज्याला रिमोटने अक्षर अक्षर टाइप करावं लागतं. एक जण दुसऱ्या देशात ठेवा. पाचवा माणूस सत्तरीपुढचा असावा आणि त्याच्या शेजारी मदतीला कोणी नसावं. मग अडीच तासांचा चित्रपट लावा आणि पाचही जण शेवटच्या पाटीपर्यंत एकत्र राहिले का ते पाहा. असे पाच जण तुम्हाला मिळत नसतील तर आमच्या मंडळाकडे आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री साडेआठला आम्ही बसतो. तुमच्यापैकी कोणी यायला तयार असेल तर त्या महिन्याचा चित्रपट तुम्ही निवडा.

कळावे, उत्तराची वाट पाहते.

आपली,
तालुक्याच्या गावातल्या एका चित्रपट मंडळाची कार्यकर्ती